काचेच्या टाकीतले मासे

दादा,

काल तुझा फोन आला, "पाहणीला मोठे लोक येतायत, नदीतले पाच-सहा जिवंत मासे पाठव." एवढ्या मोठ्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा साहेब तू, आणि मासे मात्र बहिणीकडून. तुझ्या ऑफिसातल्या काचेच्या टाकीवर पाटी आहे, 'याच केंद्रात शुद्ध केलेलं पाणी'. आई ती सगळ्यांना कौतुकाने सांगते.

मागच्या वेळी मी मासे घेऊन आले, तेव्हा तुझा शिपाई त्या टाकीत पिण्याच्या पाण्याचा जार ओतत होता. म्हणाला, "ताई, इथलं पाणी घातलं की सकाळी सगळे उलटे तरंगतात." बाहेर पाण्यात हवा सोडणारी यंत्रं बंद होती. वीज वाचवली म्हणून तुझा सत्कारही झाला.

ते पाणी खाली आमच्याकडेच येतं. परवा काठ मेलेल्या माशांनी पांढरा झाला. तुझ्या मेहुण्याने जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. आणि तू कोणत्या तोंडाने मासे मागतोस?

टाकीत उरलेत तेवढे सांभाळ. कधी दया आलीच, तर त्यांना नदीत सोडायला आणू नकोस. इथे ते जगणार नाहीत.

पत्र पाठवलं तर गोड बोलून मला गप्प करशील, म्हणून हे माझ्यापाशीच ठेवते.

खालच्या काठावरची,
तुझी बहीण