मागच्या खोलीखालची विहीर

सनीव्हेल, ६ मार्च १९८८

प्रिय दीना,

तार मिळाली असेल. ‘मागची खोली बंद कर, तालियाला तिथे झोपवू नकोस’ एवढंच तारेत मावलं. तू म्हणाली असशील, सुमेधा अमेरिकेत जाऊन भविष्य सांगायला लागली. तसं नाही, मोजून सांगते आहे.

जानेवारीत तू गमतीने लिहिलं होतंस, की नवसाच्या मलिद्यात घालायला तुझ्या आईने मागच्या खोलीत जमिनीवर नारळ आपटला आणि खालून कुणीतरी तसाच नारळ आपटला. विळीवर खवायला बसल्या, तर खवण्याचा आवाजही खालून येत राहिला. त्या थांबल्या, की क्षणभराने तो थांबायचा. पोलंडहून आलेली शेजारीण हसली, टेबल असताना भुईवर कशाला बसता म्हणून. मला वाटतं, तुम्ही रेवदंड्याची ज्यू माणसं तिकडे जाईपर्यंत त्या खोलीत जमिनीवर बसून कुणी काम केलंच नसेल. पत्रात घराचा फोटो होता: जुनी दगडी चौकट, वर आठ पाकळ्यांचं फूल, एक पाकळी तुटलेली. तालियाचा पाळणा कुठे ठेवलाय ते दाखवायला तू खोलीचा नकाशाही मापांसकट काढला होतास.

तो फोटो मी ऑफिसात टेबलावर ठेवला. शेजारी खलील बसतो, तिकडच्याच अरब घरातला. चिपचे आराखडे आम्ही दोघं तपासतो, एक थर दुसऱ्यावर ठेवून. डिसेंबरपासून टीव्हीवर गाझातले दगड आणि बंदुका दिसतात, तेव्हापासून आम्ही जेवतानाही कामाचंच बोलतो. एकदाच तो म्हणाला होता, “तुझी मैत्रीण कोकणातून तिथे ‘परत’ गेली, आणि तिथे जन्मलेली माझी आई डेट्रॉइटमध्ये बर्फ उपसते. एवढं गणित सोडवून दे, मॅडम.” हा माझा विषय नाही, असं मी म्हटलं होतं.

फोटो बघून तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने आईच्या जुन्या घराचा फोटो आणला, १९४६चा. तेच फूल, तीच तुटकी पाकळी. मी त्याला नारळाचं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “आमची विहीर.” अठ्ठेचाळीस साली गाव सोडताना त्याच्या आजोबांनी तिच्यावर फळ्या टाकून माती लोटली होती, मागे राहिलेलं कुणाचं पोर पडू नये म्हणून. पंधरा दिवसांत ते परतणार होते. नंतर कुणीतरी अंगणावर फरशी घालून खोली वाढवली.

त्याच्या आईने आठवणीतली पावलं मोजून काढलेला अंगणाचा नकाशा त्याच्याकडे होता. तो मी तुझ्या नकाशावर ठेवला. पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा पाळणा विहिरीच्या तोंडावर आला. चूक असलीच तर अर्ध्या मीटरची. फळ्या चाळीस वर्षांच्या आहेत, दीना. तशीच धावत जाऊन तार केली.

इतकं तर फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहिते आहे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. पाळण्याचं मी खलीलला सांगितलं नव्हतं. ऐकून त्याला बरं वाटेल, अशी भीती मला वाटली होती. असं मला वाटलं, हे कुणाला तरी कबूल करायला हवं. काल सांगितलं. त्याने तिथूनच आईला फोन लावला, बराच वेळ अरबीत बोलला, मग एक कागद माझ्या हातात दिला. सोबत जोडते आहे: दोर बत्तीस हात, पाणी सात हात, उत्तरेचा काठ ढिला, त्या बाजूने जाऊ नका. खाली त्याच्या आईचा प्रश्न आहे, मुलगी केवढी आहे. अकरा महिन्यांची, असं मी तुला न विचारता सांगून टाकलं.

तुझीच,
सुमेधा