ताकद तीन, विद्या अठरा

सिंदी मेघे, गुरुवार, १ एप्रिल २००४

ही खोली मला पडली ती अशी: दर रविवारची अख्खी दुपार, नानाजींच्या गुडघ्याचा रोजचा अहवाल, आणि जिना चढताना चपला हातात. भाडं वेगळं, पण ते काही फार नाही. नानाजी म्हणजे घरमालक. खोली पाहिजे तर रविवारी आमच्या खेळात बसा लागते, म्हणाले. पत्ते असतील, म्हटलं, बसू की.

वडनेरात निंबाखाली पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरता भरता आता इथे स्वतःचं कूलरचं दुकान टाकतो आहे. रविवारला काय भ्यायचं! खोली हवेशीर. वर यायला चौदा पायऱ्या, तिसरी पोकळ वाजते, दहावी किरकिरते. माझे कान तिखट आहेत, पहिल्याच फेरीत टिपलं.

रविवार, ४ एप्रिल

पत्ते नाहीत, पट नाही, सोंगट्याही नाहीत. नानाजींची नात हर्षा पुण्याच्या हॉस्टेलातून एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स घेऊन आली आहे. ती जुन्या राज्याची गोष्ट सांगते. आपण त्यातला एकेक माणूस व्हायचं आणि काय करतो ते तोंडाने बोलायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. अडुसष्ट वर्षांचे नानाजी कुऱ्हाडवाले योद्धे, पोस्टातले ओमप्रकाशजी तलवारबाज. पंडित व्हायला कोणी राजी नाही, म्हणून भाडेकरू धरला! जो मारून नाई राह्यला त्याच्यात काय मजा, म्हणे ओमप्रकाशजी.

मी म्हटलं, मी होतो. मग पंडिताला गुण वाटायचे होते, कमीत कमी तीन, जास्तीत जास्त अठरा. शेजारच्या दुकानात जे मिळतं ते आपण कशाला भरून ठेवायचं? ताकद तीन, विद्या अठरा. हर्षा हसली. काका, तीन म्हणजे लहान पोराएवढीही नाई, म्हणाली. मी म्हटलं, उचलायले तुये आजोबा आहेत ना! पंडिताची खोली कशी ते विचारलं, तर कोण डोकं शिणवतो, माझीच सांगितली. दहा बाय बारा, एक खिडकी, सागवानी दार, चौदा पायऱ्या. तिने वहीत उतरवून घेतलं. वहीत गेलं ते पुसायचं नाही, हा तिचा एकच नियम.

रविवार, ११ एप्रिल

आज पंडिताने बाजी मारली. दोघं योद्धे भुयाराच्या दारावर घाम गाळत बसले आणि मी नुसतं विचारलं, या कुलपाबद्दल मला काय माहीत आहे? फासा टाकला, एकोणीस. कुलूप उघडलं. असं कुलूप बनलंच नाही जे माझ्या पंडितापुढे टिकेल, हे मी मोठ्याने बोललो आणि ओमप्रकाशजींना सांबारवडी आणायला पिटाळलं. खूश होऊन हर्षाने एक फासा मला कायमचा दिला.

बुधवार, १४ एप्रिल

दुकानात अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार उचलेना. एरवी ती मी एका हाताने उचलतो. शेवटी गिऱ्हाईक शोभाबाईंनीच उचलून टेबलावर ठेवली. भाऊ, जेवत नाई काय, काऊन असे वाळून राह्यले, म्हणाल्या. उन्हाचा परिणाम.

पण मोटार फिरली आणि आवाजावरूनच कळलं, ती कोणी भरली, त्याचं नाव काय, त्याचं बोट कोणत्या साली तुटलं. त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही.

रविवार, १८ एप्रिल

आजच्या गोष्टीत पंडिताच्या जिन्याखाली काहीतरी आलं. त्याला डोळे नाहीत. फासा पडला की एक पायरी चढतं. योद्धे राजाकडे कुमक मागायला निघाले. पंडितजी, चला संगं, नानाजी म्हणाले. मी म्हटलं, पंडित खोलीतच बरा, दार लावून पोथ्या वाचतो. हर्षाने लिहून घेतलं.

तिथेच खेळ थांबवला. उद्या पहाटे सगळे लग्नाला हिंगणघाटकडे जाणार, पुढचं आल्यावर. माझा भाग तेवढा संपवून जा म्हटलं, तर काका घाबरले, म्हणून सगळे हसले.

सोमवार, १९ एप्रिल

दार उघडत नाही. आत ओढून ओढून हात सोलले. लाकूड फुगलं म्हणावं तर उन्हात ते आकसतं. नानाजींनी सवयीने बाहेरून कुलूप घातलं असणार. हाका मारल्या, पण आवाज कूलरच्याही पुढे जात नाही. खिडकीला गज.

दुपारी चारला खाली फासा पडला. फरशीवर गडगडला आणि थांबला. घरात कोणी नाही.

मग पहिली पायरी.

मंगळवार, २० एप्रिल

सकाळी तिसरी, पोकळ. दुपारी सातवी. मधे शेजारच्या गच्चीवर बाई कुरडया घालत होती. गजांतून ताट उभं धरून भिरकावलं. दोन हात लांब गेलं नाही. तिने पाहिलं नाही.

मला त्याचं वय माहीत आहे. कोणी न सांगता. त्याला किती दिवसांची भूक —

तांब्या दोन्ही हातांनी उचलतो.

बुधवार, २१ एप्रिल

दहावी किरकिरली.

बारावी. श्वास नाही त्याला. कान लावून ऐकलं — नाही.

तेरावी.

हर्षाचा फासा आहे. एकच विचारायचं, हे कुलूप कसं उघडतं. टाकतो —

वीस.

सगळं कळलं. सागवान कुठल्या रानाचं, बिजागरी कोणी ठोकली, सगळं. दाराला कुलूप नाही. कडीही नाही. नुसतं लोटलेलं आहे, आत ओढायला ताकद चार लागते. बाहेरून बोट लावलं तरी —