कुशीवर वळवताना

अकोला, शनिवार

ती. आईस सविनय जयभीम.

वसतिगृहातले जेवण बरे आहे. धाकट्या सुगतचा खोकला थांबला का? फोनवर हे बोलवले नसते, म्हणून अमरावतीला निघालेल्या माझ्या खोलीतल्या आकांक्षाच्या हाती पत्र देते.

एम.एस्सी. झालेल्या मुलीला नर्सिंग सोपे जाईल, असे मी मानले होते. पुस्तकातली प्रत्येक पायरी मला तोंडपाठ आहे. तरीही रुग्ण खाटेवर असताना चादर बदलण्याच्या प्रात्यक्षिकात काल मी दुसऱ्यांदा नापास झाले. चादर निर्दोष होती, पण कुशीवर वळवताना जाईबाई नावाच्या आजी ओरडल्या, "मास्तरीनबाई, चादरीले सुरकुती नाई पाह्यजे, अन् माही कंबर मोडली तरी चालते काय?" सारा वॉर्ड हसला.

सोमवारी शेवटची संधी आहे. चुकले, तर वर्ष वाया जाईल.

तू वीस वर्षे दवाखान्यात आया आहेस, हे मी इथे लपवले. प्रवेश अर्जात 'गृहिणी' लिहिले. आज वसतिगृहाच्या वहीत, उद्या भेटीस येणाऱ्यांच्या रकान्यात, 'आई, दवाखान्यात आया' असे स्वच्छ अक्षरात लिहिले आहे.

पहिल्या बसने ये. खाटेवर मी पडेन, तू मला वळव. तुझा हात नेमका कुठे असतो, ते माझ्या पाठीला कळू दे.

तुझी,
संघमित्रा