भांडी घासायची माती

आई, आज तुझ्या मांजरीबद्दल लिहायचं आहे. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, मांजर त्याच्याही आधी गेली. पण मागच्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "माहेरी मांजर होती का?" आणि मला आपली सातपूरची खोली आठवली.

मला तिसरा महिना आहे. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, हेही तुला माहीत नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू असतो. मांजरीच्या विष्ठेतून मातीत जातो, मातीतून हाताला लागून पोटात. एरवी बाईला पत्ताही लागत नाही. पण गरोदरपणात पहिल्यांदाच झाला तर तो बाळापर्यंत पोचू शकतो, गर्भ पडूही शकतो. आधीच होऊन गेलेला असला तर बाळाला सहसा धोका नसतो. माझ्या रक्तात जुनी आणि ताजी, दोन्ही खुणा निघाल्या. ताजी खूण कधीकधी फसवी असते, संसर्ग जुना झाला तरी रेंगाळते. दुसऱ्या बायकांना मी हे शांतपणे सांगते. स्वतःला सांगून उपयोग झाला नाही. संसर्ग जुना की नवा, हे ठरवणारी तपासणी बाहेरगावी पाठवावी लागली. आठ दिवस.

नवरा म्हणाला, "रोज लोकांच्या हातात रिपोर्ट देतेस आणि स्वतःच्या रिपोर्टला घाबरतेस?"

"घाबरत नाही, वाट बघतेय," म्हणाले आणि धुतलेली मेथी पुन्हा धुतली.

त्या दिवसांत तू सारखी दिसायचीस. सुरगाण्याहून मामा जीपमध्ये नागलीचं पोतं टाकून देतो, त्याला उंदीर लागू नयेत म्हणून तू मांजर पाळली आहेस. तू कंपनीच्या कॅन्टीनमधून दमून आली आहेस. राख संपली म्हणून मी दाराजवळच्या ढिगातली माती घेऊन तवा घासते आहे. मांजरही तिथेच उकरते. तू भाकरी थापता थापता म्हणतेस, "तिनं घाण केलीय गं तिथं. हात धू आधी." आणि मी ताटावर बसले की, "ती मांजर बरी, खाऊन झाल्यावर पंजा तरी चाटते. तुला तेवढं पण नाय."

काल रिपोर्ट आला. संसर्ग जुना आहे, निदान चार महिन्यांपूर्वीचा, म्हणजे गर्भ राहण्याच्या आधीचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही काळजी सोडा आता." मी मान हलवली आणि बाहेर येऊन जिन्यात बराच वेळ बसले.

किती जुना, हे ती तपासणी सांगत नाही. तो त्या ढिगातलाच, याला माझ्याकडे पुरावा नाही. असं बिनपुराव्याचं वाक्य मी कुठल्याही रिपोर्टमध्ये जाऊ देणार नाही. इथे लिहिते, कारण हे पत्र कुठेच जायचं नाही.

"धुतले का हात?" तू रोज विचारायचीस. मी हो म्हणायचे. फ्रॉकला पुसलेले असायचे.