इंदूचा पांढरा ओटा

ठाकूरद्वार, श्रावणातला शुक्रवार

हे संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेलेत, तोवर लिहून टाकते. धाकटी जाऊ इंदू आज दादरहून आली होती. नव्या ओट्याला कुठला दगड घालू, हे विचारायला. मला! गेल्या वर्षी सुमनला बघायला पाहुणे आले, तेव्हा हीच माझ्या काळ्या कडप्प्यावर हात फिरवून म्हणाली होती, "जाऊबाई, हा ओटा की मसणातली पायरी?" पाहुणे हसले. माझी लेक आत जाऊन रडली. ते डोळे मी विसरेन?

आजही सुंभ जळला तरी पीळ तोच. "पांढरा संगमरवरच घेऊ ना? तुमच्यासारखा काळा नको बाई."

माझ्या ओट्याच्या कोपऱ्यात एक फिकट गोल आहे. कोकमाच्या आगळाची बाटली पाझरली आणि आंबटाने दगड खाल्ला. तेलाचा हात फिरवला की काळ्यावर तो लपतो. संगमरवरावर कसला लपतोय! आणि भावोजींना तर रोज सोलकढी लागते.

सांगायला हवं होतं का? अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या गोलावर परात सरकवली आणि म्हटलं, "संगमरवरच घे गो. तुझ्या गोऱ्या हातांना शोभेल."

खूश होऊन गेली. नव्या ओट्याच्या पूजेला बोलावलंय. रिकाम्या हाती कशी जाऊ? गावच्या आगळाची बाटली नेईन.

बूच जरा सैलच ठेवीन.