पालथ्या तुकड्यांचं प्रमाणपत्र

फेझ, जुनं शहर
सोमवार

आदरणीय मेव्हणे सी तय्यिब यांना अल्लालचा सलाम. तुमची तब्येत, वहिनींची तब्येत आणि तुमच्या डाव्या कानाची तब्येत अल्लाच्या कृपेने ठीक असेल अशी आशा करतो (उजव्या कानाने तुम्ही माझं कधी ऐकलंच नाही, म्हणून त्याची चौकशी करत नाही). इकडे सगळं उत्तम आहे. उणीव असलीच तर तुम्ही समोर नसल्याची, आणि ती आता नऊ वर्षांची जुनी झाली. पत्र मी सांगतोय आणि तुमची भाची इक्राम लिहितेय, त्यामुळे तुमच्या मास्तरकीच्या लाल शाईला चुका सापडल्याच तर त्या तिच्या खात्यात. आमच्या घरात दोन पदव्यांना नोकरी नाही आणि एका नोकरीला पदवी नाही, असं तुमची बहीण म्हणते. दिवसातून दोनदा म्हणते.

तर ती एक नोकरीही आता जाते की काय अशी वेळ आली होती. पंचेचाळीस वर्षं जमिनीवर बसून झेल्लीजच्या नक्षीसाठी रंगीत फरशीचे तुकडे फोडले आणि जोडले, आता गुडघ्यांनी जबाब दिला. डॉक्टर म्हणतो, खाली बसणं कायमचं बंद. म्हणजे घरी बसणं, आणि तुमच्या बहिणीसमोर दिवसभर घरी बसणं काय असतं हे तुम्ही लहानपणी सोसलेलं आहे. अशात कळलं की कारागीर शाळेला झेल्लीज शिकवणारा माणूस हवाय. शिकवणाऱ्याला खुर्ची मिळते! मी दाढी करून सकाळी आठला हजर. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, ‘माल्लम, माल्लम’ म्हणत उस्तादाचा मान दिला, मी मढवलेल्या तीन कारंज्यांची नावं घेतली आणि मग हळूच पदवी मागितली. माझा चेहरा पाहून त्यांनाच दया आली असावी. म्हणाले, आता पदवीच लागते असं नाही, नवी सोय झालीय, फोनसमोर काम करून दाखवायचं, फोन गुण देतो, आणि प्रमाणपत्र फोनमध्येच उमटतं. तुमच्या त्या सरकारी शिक्क्यांपेक्षा हा फोन मला फार खानदानी वाटला.

पण खानदानी माणसांना काम कुठे कळतं? पहिल्याच पायरीला हुनरांची यादी आली. तिच्यात केस कापणं होतं, केक सजवणं होतं, कुत्र्यांना आंघोळ घालणंसुद्धा होतं, झेल्लीज नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून इक्रामने ‘न्हाणीघराच्या फरश्या बसवणे’ निवडलं. (मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. – हे बा खोटं सांगतायत, दोन तास. इक्राम.) मग प्रश्न आले. तुम्ही डोक्यावर हेल्मेट घालता का? मी खरं सांगितलं, की शुक्रवारी टोपी घालतो.

तिसऱ्या पायरीला कामाचं चित्रण होतं. नवा सदरा घातला, शेजारच्या तीन बायका गच्चीवरून बघायला आल्या, आणि डॉक्टरची मनात माफी मागून मी खाली बसून सोळा पाकळ्यांचा तारा मांडायला घेतला. आता तुम्हाला काय सांगायचं, आपल्याकडे तुकडे पालथे मांडतात, रंग जमिनीकडे, मातीची पाठ वर. सगळी नक्षी डोक्यात ठेवायची, मागून प्लास्टर ओतायचं, वाळलं की उचलून उलटायचं, तेव्हा कुठे पहिल्यांदा आपलं काम आपल्याला दिसतं. फोनला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याने शंभरपैकी अकरा गुण दिले आणि शेरा मारला: उमेदवाराने सर्व फरश्या उलट्या बसवल्या आहेत, सहा तासांचा प्राथमिक वर्ग करावा. अकरा कशाचे, तर जागा स्वच्छ ठेवल्याचे. तुमची बहीण इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं.

इक्राम मात्र चिडली. पोरीने अपील केलं आणि माणसाने तपासावं अशी मागणी केली. तेव्हा रबातहून सुमिया नावाच्या एक बाई फोनवर प्रकटल्या. आवाजाने गोड, वयाने आपल्या इक्रामएवढ्या. त्यांचाही पहिला प्रश्न तोच, की माल्लम, हे पालथे का? मी म्हटलं, “बाई, परवा याच वेळेला फोन लावा. प्लास्टरला रबातची घाई कळत नाही.” आणि खरंच, त्यांनी लावला. शेजारच्या एकीला घेऊन आम्ही चौघांनी मिळून तो तक्ता उचलला, भिंतीला उभा केला, ओल्या फडक्याने पुसला. बाईंनी फोन तक्त्याजवळ न्यायला लावला. कोपरान् कोपरा पाहिला. मग म्हणाल्या, “हे तुम्ही न बघता केलंत?” मी सांगितलं, बघून केलं असतं तर चुकलं नसतं; डावीकडे खाली निळ्याच्या जागी हिरवा तुकडा बसलाय, फोनकडे बघून मिशी सारखी करताना गेला हातातून. तुमच्या वडिलांनी चप्पल फेकून मारली असती. बाईंनी त्र्याण्णव गुण दिले.

आनंद सांगू किती! गल्लीत सगळ्यांना पुदिन्याचा चहा झाला. फक्त शेवटची एक चौकट राहिली: हे काम कोणाकडे शिकलात, आणि ते शिकताना पाहिलेला जिवंत साक्षीदार कोण. सी तय्यिब, तुमच्या वडिलांसमोरच्या त्या चटईवर आम्ही पाच शिष्य होतो. तिघे अल्लाघरी गेले, चौथा मी. पाचवा दोन वर्षांनी हातोडा टाकून शाळेत पळाला आणि मास्तर झाला. तिकडे उज्दा शहरात तुम्ही लोकांना सांगता की वडील बांधकाम व्यवसायात होते. सांगा, माझा राग नाही. पण माझ्या प्रमाणपत्रावर तुमच्या वडिलांचं नाव, ‘गुरू: माल्लम हम्माद’ असं उमटणार आहे. त्या माणसाने अर्धं फेझ सजवलं आणि त्याचं नाव आजवर कुठल्या भिंतीवर नाही, कागदावर नाही. त्यांच्या मयतीनंतर तुम्ही इकडे फिरकला नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, आणि तुमचीही येते, हे मेव्हण्याला लिहायचं नसतं, पण लिहिलं.

तुमचा,
अल्लाल

ता.क. मुदत शनिवारपर्यंत आहे. नियम फार कडक आहे: साक्षीदाराने जातीने फेझला येऊन सही करावी लागते. त्याला इलाज नाही.

ता.क. दुसरा: तुमचा हातोडा माझ्याकडेच आहे. दांडा नवा बसवलाय.

ता.क. तिसरा, इक्रामचा, बा चहा ओतायला गेलेत तेवढ्यात: मामा, सही तुमच्या फोनवरून घरबसल्या दोन मिनिटांत होते. बांना हे परवापासून माहीत आहे. पण आईने शुक्रवारच्या जेवणातल्या कुसकुससाठी नेहमीपेक्षा दुप्पट चणे आणलेत, आणि बांनी आपल्या चटईशेजारी दुसरी चटई धुऊन वाळत घातली आहे. गुरुवारच्या गाडीने या. फोन घरी विसरून या.