लवकर आलेली गाडी

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! पौडपर्यंत एसटी, पुढे धरणाच्या कडेकडेने तासभर जीप. जुन्नरहून निघताना अम्मी रडली. इथली हवा पाहिली असती तर स्वतःच राहिली असती. भातकापणी चालू आहे, वाडीभर इंद्रायणी तांदळाचा वास. उपकेंद्राला नवा रंग, बाळंतपणाचं टेबल अजून प्लॅस्टिकमध्येच गुंडाळलेलं. तीन वर्षांनी इथे नर्स आली म्हणे, ती मी. मदतनीस तुळजाबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी आणली. जाताना म्हणाल्या, औषधं खुशाल द्या, फक्त गाडी बोलवू नका. मी हसले.

८ नोव्हेंबर
घरोघर फिरले. चाळीस घरं, आणि एकही आजारी नाही! सगळे अगदी गोड बोलतात, पण दारातच. साळूबाईंच्या घरी आतून खोकला ऐकू आला. त्या उंबऱ्यावर आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, रेडकू खोकतंय.
रेडकू असं खोकत नाही.

११ नोव्हेंबर
आज दुपारी सरळ गोठ्यात शिरले. पेंढ्याआड साळूबाईंचा नवरा, बहिरू. ओठ निळे, ऑक्सिजन ब्याऐंशी. केंद्रातला सिलिंडर रिकामा. रेंज फक्त वरच्या पाण्याच्या टाकीपाशी मिळते. धावत जाऊन अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. सव्वा तास लागेल म्हणाले.
मी उतरून येते तो गाडी दारात उभी. पांढरी, लख्ख. मास्क लावलेली दोन माणसं, दोघांनीही काही विचारलं नाही. साळूबाई बहिरूचे पाय धरून बसल्या होत्या. ते हात मीच सोडवले.
इतक्या लवकर गाडी! फार बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर
अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी फोनवर मलाच झापलं. त्यांची गाडी दीड तासाने आली, पेशंट नव्हता, परत गेली.
मग आधीची कोणाची?
दवाखान्यांत विचारलं. बहिरू नावाचं कोणी कुठेही आलेलं नाही. पोलिसांनी गाडीचा नंबर विचारला. नंबर होता का, तेच आठवत नाही.

१५ नोव्हेंबर
वाडी माझ्याशी बोलत नाही. बहिरूचा मुलगा किशोर समोरून आला आणि मान फिरवून गेला. हे सगळे मिळून काहीतरी लपवतायत असं वाटून शेवटी तुळजाबाईंना खोदून विचारलं.
त्यांची सून वैष्णवी. बाळंतपणात अडलेली. फोन करकरून सहा तास गाडी आली नाही. “आमी लई हाका मारल्या, बाई. दिसंल त्याला. कोन ऐकतंय ते न्हाई बगितलं.” मग ती गाडी आली. त्यांनी हात जोडून सुनेला आत बसवलं.
त्यानंतर आणखी चार जण. बहिरू पाचवा. परत कोणीच आलेलं नाही.
म्हणून आजारी माणूस लपवतात. मी विश्वास ठेवत नाही. कोणीतरी माणसं पळवतंय, दुसरं काय?

१८ नोव्हेंबर
पोटात दुखतंय. उजवीकडे, खाली. दाबून हात सोडला की कळ. ताप एकशे एक. अपेंडिक्स, मला कळतं. ऑपरेशन लागेल, आजच. जीप परवा येणार.
तुळजाबाईंना सांगितलं नाही. खिडकी लावून घेतली. मीसुद्धा लपवतेय —

१८, दुपार
त्यांनी ओळखलंच. झोळी करून मोठ्या रस्त्यापर्यंत नेणार आहेत, तिथून मिळेल त्या वाहनाने पुढे. बांबू तोडायला किशोर गेलाय. किशोर! ज्याच्या बापाला मी —
तुळजाबाई कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, “कळ काडा. पन मनातसुदिक गाडी मागू नका.”

नाही मागत. नाही मागणार.

अम्मी, फार दुखतंय

कोणीतरी या

इंजिनचा आवाज. मागच्या बाजूने, तिकडे तर रस्ताच —
तुळजाबाई दाराला पाठ लावून उभ्या. ओरडतायत, बाई, बगू नका. खिडकीच्या फटीतून किशोर आणि बाकीचे झोळी घेऊन वळणावर दिसतात. लांब आहेत. खूप लांब.

गाडीचं दार उघडलं. आत पांढरी चादर. गार वारा येतोय. सलाईन लावून तयार आहे. आत्ता, या क्षणी तयार —

तुळजाबाईंना मी बाजूला ढकल